रेघ सरकवायची, पण कुठून मोजून? कॅडमधल्या संदर्भ अंतरांची ओळख

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात वाहनउद्योगांच्या घोषणा झाल्या, की जालन्यापासून लातूरपर्यंतच्या घरांत एक चर्चा हमखास होते. मुलाला किंवा मुलीला कॅडच्या वर्गाला घालावे का, हा तिचा विषय असतो. ‘ड्राफ्ट्समन पाहिजे, ऑटोकॅड येणे आवश्यक’ ही ओळ वाळूजच्या लहान वर्कशॉपच्या फाटकावरही दिसते आणि घराचे नकाशे काढून देणाऱ्या कार्यालयाच्या काचेवरही. फी भरणाऱ्या पालकांना मात्र एक शंका छळत असते. संगणकावर रेघा ओढायच्या आणि माऊसने पकडून हव्या तिथे नेऊन सोडायच्या, यात महिनोन्‌महिने शिकण्यासारखे असते तरी काय?

शंका रास्त आहे. रेघ ओढणे खरोखरच सोपे असते आणि ते दोन दिवसांत येते. काढलेली वस्तू ‘डाव्या कडेपासून बरोबर ४० मिलिमीटरवर’ नेऊन बसवणे हे खरे काम आहे, आणि ‘बरोबर’ या शब्दाला संगणकावर जितका कडक अर्थ आहे तितका कागदावर कधीच नव्हता. हा लेख त्याच एका कामाविषयी आहे.

कॅडमधली रेघ कशाची बनलेली असते?

कॅड म्हणजे संगणकाच्या मदतीने केलेले आरेखन. पडद्यावर रेघ दिसत असली तरी फाइलमध्ये रेघ नसते, आकडे असतात. रेघेचे एक टोक शून्यबिंदूपासून आडवे किती आणि उभे किती, दुसरे टोक किती, एवढीच नोंद असते. या आडव्या-उभ्या आकड्यांच्या जोडीला निर्देशांक म्हणतात. शाळेतल्या आलेखाच्या वहीत आपण हेच शिकलेलो असतो. रेघ सरकवणे म्हणजे या आकड्यांत ठरावीक बेरीज-वजाबाकी करणे.

कागदावर काढताना टोकदार पेन्सिलीची रेघही पाव-अर्ध्या मिलिमीटरची जाडी घेऊन येते आणि तेवढी चूक पोटात घालते. कॅडमधल्या रेघेला अशी जाडी नसते. ऑटोकॅडसारखे सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा साधारण १५-१६ अंकांपर्यंत नेमका धरून ठेवते आणि वस्तू खऱ्या मापातच काढली जाते. ३० फुटांची भिंत ३० फुटांचीच असते, ती लहान होते फक्त छापताना. त्यामुळे ४० आणि ४०.०१८४ हे संगणकाच्या लेखी दोन वेगळे आकडे आहेत, आपल्या डोळ्यांना कितीही सारखे दिसले तरी.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली मांडली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ काढायची आणि ‘या दोन रेघा समांतर ठेव’, ‘हे अंतर एवढेच राहू दे’ असे यंत्राला सांगायचे, हे तिच्यात तेव्हाच होते. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड आले आणि हे काम टेबलावरच्या लहान संगणकावर करता येऊ लागले.

नुसता आकडा का पुरत नाही

शेतात बोअर घ्यायचा आहे आणि जागा ठरली आहे. गाडीवाला रात्री येणार, तेव्हा तुम्ही घरी नसणार. ‘बोअर ४० फुटांवर घे’ असे सांगून भागत नाही, कारण कशापासून ४० फूट, हे त्यात नाही. ‘पूर्वेच्या बांधापासून ४० फूट आणि उत्तरेच्या बांधापासून २५ फूट’ असे सांगितले, की अंधारातही जागा एकच निघते. ‘कालच्या खुणेपासून जरा अलीकडे’ हेसुद्धा संदर्भ घेऊनच सांगितलेले असते, पण ती खूण हलली तर सगळेच हलते. बांध सहसा हलत नाही. (आपल्याकडचे भाऊबंद असतील तर तोही हलतो, पण तो वेगळा विषय आहे.)

कॅडमध्ये वस्तू हलवण्याच्या आज्ञेला ‘मूव्ह’ म्हणतात. ती आज्ञा दिल्यावर सॉफ्टवेअर तीन गोष्टी विचारते. काय हलवायचे, कुठे धरून हलवायचे आणि ते धरलेले ठिकाण कुठे नेऊन ठेवायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आधारबिंदू. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना आपण एखाद्या न हलणाऱ्या कडेपासून किंवा कोपऱ्यापासून जे अंतर सांगतो ते संदर्भ अंतर. नवशिक्याचे सगळे लक्ष तिसऱ्या प्रश्नातल्या आकड्यावर असते. जुना ड्राफ्ट्समन दुसऱ्या प्रश्नापाशी थांबतो, कारण वस्तू चुकीच्या जागी धरली तर पुढचा आकडा बरोबर असूनही काम चुकते.

आणखी एक शब्द लागेल, तो म्हणजे ‘ऑस्नॅप’. रेघेचे टोक, मध्य, वर्तुळाचे केंद्र, दोन रेघांचा छेद अशा नेमक्या जागांवर कर्सर आपोआप चिकटण्याची ही सोय आहे. ऑटोकॅडमध्ये ती एफ-३ या बटणाने चालू-बंद होते. ती बंद ठेवून कॅडवर काम करणाऱ्याचे नकाशे मी तरी डोळे झाकून घेणार नाही.

एक छिद्र, अनेक रस्ते

वाळूजमधल्या शीट मेटलच्या शॉपमध्ये रोज येणारे साधे उदाहरण घेऊ. २०० बाय १२० मिलिमीटरची पत्र्याची प्लेट आहे. तिच्यात १२ मिलिमीटर व्यासाचे छिद्र काढलेले आहे, पण ते अंदाजाने कुठेतरी ठेवलेले आहे. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे छिद्राचे केंद्र डाव्या कडेपासून ४० आणि खालच्या कडेपासून २५ मिलिमीटरवर हवे.

बहुतेक शिकाऊ मुले पहिला जो रस्ता धरतात तो वजाबाकीचा असतो. सध्याचे अंतर मोजले, ३७.२ आले. हवे ४०, म्हणजे २.८ उजवीकडे सरकवले. पुन्हा मोजले, ४० आले. सगळे नीट दिसते, पण घोटाळा इथेच लपलेला असतो. मापाची सेटिंग दशांशानंतर एकच अंक दाखवणारी असेल, तर मूळ अंतर ३७.२१८४ असतानाही पडद्यावर ३७.२ दिसते. त्यात २.८ मिळवले की छिद्र ४०.०१८४ वर बसते आणि त्याच सेटिंगमुळे पडद्यावर ४० दिसते. चूक होते आणि चुकीची खूणही पुसली जाते. एकट्या छिद्रासाठी ०.०१८४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, हे खरे. पण या छिद्रावरून पुढचे छिद्र, त्यावरून खाच, त्या खाचेवरून वाकवण्याची रेघ अशी माळ पुढे जाते, तेव्हा प्रत्येक मणी थोडा थोडा कलतो आणि शेवटी कोणतीच दोन मापे एकमेकांशी जुळत नाहीत. कोणाचे चुकले, हेही सापडत नाही.

दुसऱ्या रस्त्यात सध्याचे अंतर मोजायचेच नाही. छिद्र आता कुठे आहे याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही, ते कुठे हवे एवढे ठाऊक असले की पुरे. मूव्ह आज्ञा द्यावी, छिद्र निवडावे, आधारबिंदू म्हणून ऑस्नॅपने त्याचे केंद्र धरावे. सॉफ्टवेअर नवी जागा विचारील तेव्हा ‘फ्रॉम’ ही उपआज्ञा टाइप करावी. ‘कुठून?’ असा प्रश्न येतो, त्याला प्लेटचा खालचा डावा कोपरा दाखवावा. मग @४०,२५ असे टाइप करावे (कळफलकावर अर्थातच इंग्रजी अंकांत) आणि एंटर दाबावे. @ या चिन्हाचा अर्थ ‘आत्ता दाखवलेल्या जागेपासून’ असा आहे. छिद्र ४० आणि २५ वर जाऊन बसते. मधे कोणतीही वजाबाकी नाही, त्यामुळे गोलाई करून दाखवलेला आकडा हिशेबात शिरतच नाही. ज्याला ही एक आज्ञा हातासरशी आली, त्याचे निम्मे काम सोपे झाले असे मी समजतो, आणि गंमत म्हणजे अनेक वर्गांत ती शिकवायची राहूनच जाते.

एक सावधगिरी मात्र इथे लागते. ऑटोकॅडमध्ये कर्सरजवळ आकडे दाखवणारी सोय एफ-१२ ने चालू असते, तेव्हा साध्या मूव्हमध्ये दुसऱ्या बिंदूचे आकडे @ न लावताही ‘आधीच्या बिंदूपासून’ असेच धरले जातात. ती बंद असेल तर तेच आकडे थेट शून्यबिंदूपासून धरले जातात आणि वस्तू भलतीकडे जाते. एका संगणकावर बिनचूक झालेले काम शेजारच्या संगणकावर बिघडते, त्याचे कारण बहुधा हेच असते. फ्रॉम वापरताना तर @ लिहिण्याची सवय ठेवलेलीच बरी.

तिसरा रस्ता सगळ्यांत साधा आहे. प्लेटच्या डाव्या कडेची समांतर प्रत ‘ऑफसेट’ आज्ञेने ४० वर काढायची, खालच्या कडेची २५ वर काढायची आणि त्या दोन रेघांच्या छेदावर छिद्राचे केंद्र आणून ठेवायचे. काम झाले की दोन्ही मदतरेघा पुसून टाकायच्या. याला वेळ थोडा जास्त लागतो, पण शेजारी बसलेल्या माणसालाही डोळ्यांनी पडताळता येते, म्हणून नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

वर्तुळाला केंद्र असते म्हणून हे सगळे सरळ झाले. चौकोनी खाच असेल आणि तिची उजवी कड प्लेटच्या उजव्या कडेपासून १५ वर हवी असेल, तर जुने लोक ‘आधी चिकटवा, मग मागे घ्या’ ही युक्ती वापरतात. खाचेच्या उजव्या कडेचा मध्य धरून ती प्लेटच्या उजव्या कडेवर लंबरूप चिकटवायची. ऑस्नॅपमध्ये ‘परपेंडिक्युलर’ निवडले की खाच वरखाली न होता सरळ आडवी जाऊन टेकते. मग एफ-८ ने ऑर्थो चालू करायचे, म्हणजे हालचाल फक्त आडवी किंवा उभी होते, कर्सर डावीकडे नेऊन १५ टाइप करायचे आणि एंटर दाबायचे. दोन पावले जास्त पडतात, पण चुकायला जागा राहत नाही.

आणि हो, सरकवताना वस्तू अचानक पडद्यावरून नाहीशीच झाली, असा अनुभव प्रत्येक शिकणाऱ्याला येतो. आधारबिंदूवर क्लिक केल्यावर दुसरा बिंदू न देता एंटर दाबले गेले, की ऑटोकॅड त्या आधारबिंदूच्या निर्देशांकांनाच सरकवण्याचे अंतर समजते. बिंदू ४२००, ३१०० वर असेल तर वस्तू उजवीकडे ४२०० आणि वर ३१०० जाऊन बसते. फाइल बिघडलेली नसते, ती पायरी मागे घ्यावी.

‘मोठे करून डोळ्यांनी नेले तर काय बिघडते?’

झूम केल्याने वस्तू मोठी दिसते, आपला हात नेमका होत नाही. ६० मीटर लांबीचा आराखडा १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर पूर्ण दिसत असेल, तर एका ठिपक्यात सुमारे ३१ मिलिमीटर मावतात. माऊस एक ठिपका हलला की भिंत सव्वा इंच हलली. झूम करून पडद्यावर फक्त २०० मिलिमीटरचा भाग घेतला, तरी एक ठिपका ०.१ मिलिमीटरचा राहतो. कितीही जवळ गेले तरी डोळ्यांचा अंदाज तो अंदाजच, आणि ऑस्नॅपने चिकटवले तर दुरूनही काम नेमके होते.

ग्रिड, म्हणजे पडद्यावरची ठरावीक अंतराची जाळी, चालू ठेवून दर ५ किंवा १० मिलिमीटरच्या खुणांवर काम करण्याची सवय काहींना असते. सगळी मापे पाचच्या पटीत असली तर ते चालते. एकदा का १२.७ चे एक माप मधे आले, की पुढची प्रत्येक वस्तू ग्रिडच्या बाहेर पडते.

तिरक्या हद्दीचा घोटाळा

कारखान्यातल्या प्लेटचे कोपरे काटकोनात असतात. परभणी, बीड किंवा नांदेडच्या जुन्या वस्तीतला प्लॉट तसा क्वचितच मिळतो. एखादी हद्द तरी तिरकी असतेच, आणि घराचा नकाशा मंजुरीला पाठवताना हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, म्हणजे सामासिक अंतर, त्या तिरक्या हद्दीपासूनच मोजले जाते.

समजा बाजूचे अंतर ३ मीटर हवे आहे आणि हद्दीची रेघ उभ्या दिशेपासून १२ अंशांनी कललेली आहे. ड्राफ्ट्समनने इमारतीचा कोपरा हद्दीवर चिकटवला, ऑर्थो लावले आणि ३ मीटर आत सरकवले. आकडा बरोबर टाइप झाला, तरी अंतर चुकले. सामासिक अंतर हद्दीला काटकोनात मोजायचे असते आणि ऑर्थोने नेलेली इमारत आडवी सरकली. काटकोनात मोजले तर ते अंतर २.९३ मीटर भरते, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर कमी. महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. ऑनलाइन परवानगीसाठी दिलेली फाइल सॉफ्टवेअरने तपासली जाते तेव्हा, कागदावर पट्टी ठेवून बघणाऱ्या साहेबांच्या नजरेतून निसटले असते ते साडेसहा सेंटिमीटर निसटत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. हद्दीच्या रेघेचीच ३ मीटरवर आतल्या बाजूला समांतर प्रत काढावी. ऑफसेट नेहमी काटकोनातच अंतर धरतो, रेघ कितीही तिरकी असो. मग इमारतीचा हद्दीला सगळ्यांत जवळचा कोपरा त्या प्रतीवर आणून टेकवावा. सगळे घरच हद्दीशी समांतर ठेवायचे असेल तर आडव्या-उभ्या दिशाच फिरवून हद्दीला लावून घेता येतात. त्या सोयीला ‘यूसीएस’ म्हणतात. ती एकदा फिरवली की ऑर्थोही तिरक्या हद्दीच्या हिशेबाने वागू लागते. काम संपल्यावर ती परत सरळ करायची आठवण ठेवावी लागते, एवढेच.

दार सरकले, भिंतीतली मोकळी जागा तिथेच

घराच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा आणि दार म्हणजे त्या रेघा तोडून केलेल्या मोकळ्या जागेत बसवलेली आकृती. मूव्हने दार हलवले तर दार जाते, भोक जुन्या जागीच राहते. अशा वेळी ‘स्ट्रेच’ वापरतात. माऊसने उजवीकडून डावीकडे निवडीचा चौकोन ओढून दार आणि तुटलेली टोके त्याच्यात पकडायची. चौकोनाच्या आत सापडलेली टोके हलतात, बाहेरची जागच्या जागी राहतात, आणि भिंत एका बाजूला लांबते, दुसऱ्या बाजूला तेवढीच आखडते. संदर्भाचा नियम इथेही तोच आहे. चौकट कोपऱ्यापासून साडेचार इंच सोडून बसवायची असेल, तर दाराच्या कडेचे टोक धरावे आणि कोपऱ्यापासून फ्रॉमने साडेचार इंच द्यावेत.

‘बांधकामात मिलिमीटरचा हिशेब कोण ठेवतो?’

ही शंका सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. लाइनआउटला, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करताना, फक्कीची रेघच बोटभर जाड पडते, विटा सारख्या नसतात, गिलाव्यात अर्धा इंच इकडचा तिकडे होतो. मग नकाशात ०.३ मिलिमीटरसाठी डोके का फोडायचे?

पहिले कारण असे, की साइटवरची चूक आणि नकाशातली चूक एकमेकींना खोडत नाहीत, बहुतेकदा त्या एकमेकींत मिसळतात. आपल्याकडे तर मापांच्या दोन पद्धती एकाच नकाशात नांदतात. घराचा आराखडा फूट-इंचांत असतो आणि स्ट्रक्चरल डिझाइन मिलिमीटरमध्ये येते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे नऊ इंचांची भिंत २२८.६ मिलिमीटर होते, पण दुसऱ्या नकाशात तीच भिंत २३० धरलेली असते. फरक १.४ मिलिमीटरचा. एकामागे एक पाच भिंतींची जाडी मिळवत गेले की ७ मिलिमीटर झाले. आता शेवटचा कॉलम शेजारच्या भिंतीपासून मोजून बसवला असेल तर तो कॉलमच्या ओळीबाहेर जातो. सगळे कॉलम एकाच ठरलेल्या मध्यरेषेपासून मोजून बसवले असतील तर भिंती थोड्या मागेपुढे झाल्या तरी कॉलम ओळ सोडत नाहीत.

कारखान्यात हाच मुद्दा रोजच्या भाषेत असतो. तिथे ‘रेफरन्स कुठून घेतला?’ हा प्रश्न मापाच्या आधी विचारतात. पाच छिद्रांची मापे साखळीने दिली, म्हणजे कडेपासून पहिले, पहिल्यापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे अशी, आणि प्रत्येक मापाला ०.१ मिलिमीटर कमी-जास्त चालत असेल, तर पाचवे छिद्र कडेपासून ०.५ पर्यंत इकडे-तिकडे होऊ शकते. तीच पाच मापे एका कडेपासून दिली तर प्रत्येक छिद्र त्या कडेच्या हिशेबाने ०.१ च्या आतच राहते. मात्र शेजारच्या दोन छिद्रांमधले अंतरच महत्त्वाचे असेल, समजा त्यांत एकच बेअरिंगचा ब्रॅकेट बसायचा असेल, तर ते माप थेट द्यावे लागते, कारण कडेवरून मोजलेल्या दोन छिद्रांत आपापसात ०.२ चा फरक पडू शकतो. वस्तू कशावर टेकणार आणि कशात बसणार, हे बघूनच संदर्भ निवडावा लागतो. सॉफ्टवेअर तो निवडून देत नाही.

दुसरे कारण जास्त रोकडे आहे. खोलीचे क्षेत्रफळ काढताना किंवा रंग भरताना सॉफ्टवेअरला चारी बाजूंनी बंद आकृती लागते. माऊसने अंदाजाने आणलेली भिंत कोपऱ्यात ०.३ मिलिमीटर अलीकडे थांबली असेल, तर डोळ्यांना कोपरा बंद दिसतो, सॉफ्टवेअरला उघडा. ‘हद्द सापडत नाही’ असा संदेश येतो आणि माणूस अर्धा दिवस फट शोधत बसतो.

‘माप लिहिलेले आहे ना, मग?’

इथे मी जरा कडक बोलणार आहे. वस्तू नीट सरकवण्याचा कंटाळा आला, की काही जण मापाचा आकडाच बदलून टाकतात. कॅडमध्ये मापरेघेवरचा आकडा सॉफ्टवेअर स्वतः मोजून लिहिते, पण त्यावर हाताने दुसरा आकडा लिहिण्याचीही मुभा असते. प्रत्यक्षात ३९.६ असते आणि कागदावर ४० छापून येते.

पूर्वी हे खपून जायचे, कारण कागद हातात घेतलेला फिटर लिहिलेला आकडा वाचून मार्किंग करायचा. आता प्लेटची फाइल डीएक्सएफ स्वरूपात सरळ लेझर कटिंगला जाते. त्या यंत्राला मापरेघा नकोच असतात. फाइल घेणारा माणूस त्या पुसून टाकतो आणि यंत्र फक्त रेघा आणि वर्तुळे वाचते. छिद्र ३९.६ वर कापले जाते, बोल्ट बसत नाही, आणि छापील ड्रॉइंगवर ४० असल्यामुळे दोष कटिंगवाल्यावर येतो. पत्रा गेला, कटिंगचे पैसे गेले, आणि जोडीने संबंधही बिघडले.

दुसऱ्याने दिलेली फाइल ताब्यात घेताना हे तपासता येते. मापरेघ निवडून तिच्या गुणधर्मांचा तक्ता उघडावा. तिथे सॉफ्टवेअरने मोजलेले अंतर वेगळ्या ओळीत असते आणि हाताने लिहिलेला आकडा ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ या ओळीत असतो. ही ओळ रिकामी असली पाहिजे. तसेच मापांची सेटिंग तात्पुरती दशांशानंतर चार अंकांवर न्यावी. अंदाजाने सरकवलेल्या वस्तू लगेच ३९.९८१७, ४०.०१८४ असे आकडे दाखवू लागतात.

‘मग अंतर कायमचे बांधूनच का ठेवू नये?’

ठेवता येते. ऑटोकॅडमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून आकृतीवर अशी बंधने घालता येतात, आणि फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तर यंत्रभागांचे काम मुळातच त्या पद्धतीने चालते. ‘केंद्र डाव्या कडेपासून ४०’ असे एकदा लिहून ठेवले की कड हलवली तरी छिद्र ४० राखून तिच्या मागोमाग जाते. उद्या गिऱ्हाइकाने ४० चे ४५ केले तर फक्त आकडा बदलायचा. यंत्रभाग काढणाऱ्याने हीच पद्धत शिकावी, असे माझे मत आहे.

घराच्या नकाशात मात्र ती सरसकट चालवायला जाऊ नये. तिथे हजारो रेघा असतात, प्रत्येकीला बंधन घालत बसणे परवडत नाही, आणि एकाच गोष्टीवर परस्परविरोधी दोन बंधने पडली की सॉफ्टवेअर अडून बसते. शिवाय बंधन घालतानाही ते कशापासून घालायचे, हे आपणच ठरवायचे असते. ज्याला संदर्भ निवडता येत नाही, तो चुकीचे अंतरच पक्के बांधून ठेवील.

महागडे सॉफ्टवेअर नाही म्हणूनही कोणी अडू नये. लिब्रेकॅड मोफत आहे, आणि त्यात ‘सापेक्ष शून्य’ हव्या त्या कोपऱ्यावर ठेवून तिथेच कुलूपबंद करता येते. मग @४०,२५ म्हणजे नेहमी त्याच कोपऱ्यापासून.

सर्व्हेचा नकाशा शून्यापाशी ओढून आणताना

शेवटची बाब थोडी वेगळी आहे, पण औद्योगिक प्लॉट, रस्ते, लेआउट यांच्या कामात ती हटकून येते. सर्व्हेवाल्याची फाइल बहुधा यूटीएम या जागतिक जाळीच्या निर्देशांकांत असते. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड ही सगळी ठिकाणे त्या जाळीच्या ४३ व्या पट्ट्यात येतात. तिथे उत्तर दिशेचा आकडा विषुववृत्तापासून मीटरमध्ये मोजलेला असतो, म्हणून संभाजीनगरच्या आसपास तो २२ लाखांच्या घरात जातो. फाइल उघडली की पडदा कोरा दिसतो, कारण नकाशा शून्यबिंदूपासून फार लांब असतो. एवढे मोठे आकडे वापरताना कधी कधी सॉफ्टवेअर अडखळते, रंग भरताना रेघा विस्कटतात. मग कोणीतरी सगळा नकाशा माऊसने ओढून शून्याजवळ आणतो आणि सेव्ह करतो.

त्या क्षणी तो प्लॉट जमिनीवर नेमका कुठे आहे, ही माहिती फाइलमधून गेली. आतली मापे सगळी बरोबर राहतात, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही. रस्त्याचा किंवा ड्रेनेजचा नकाशा त्यावर ठेवायची वेळ येते तेव्हा दोन फाइली जुळत नाहीत. नकाशा हलवायचाच असेल तर हद्दीचा एक पक्का दगड आधारबिंदू म्हणून ऑस्नॅपने धरावा, ‘आयडी’ आज्ञेने त्याचे मूळ निर्देशांक बघून ते सर्व दशांशांसह त्याच फाइलमध्ये मजकूर म्हणून लिहून ठेवावेत, आणि मग तो दगड ०,० वर न्यावा. काम संपल्यावर तोच दगड धरून लिहिलेले आकडे टाइप केले की अख्खा नकाशा आपल्या जागी परत जातो. त्याहून बरे म्हणजे नकाशा हलवूच नये. यूसीएसचा शून्यबिंदू त्या दगडावर आणून ठेवावा, म्हणजे काम करताना आकडे लहान दिसतात आणि फाइलमधले मूळ निर्देशांक जसेच्या तसे राहतात. मात्र इतके करूनही रंग भरताना रेघा विस्कटत असतील, तर यूसीएसने ते थांबत नाही, कारण आतले आकडे मोठेच राहिलेले असतात. अशा वेळी सर्व्हेची मूळ फाइल न उघडता बाजूला ठेवावी आणि हलवाहलव तिच्या प्रतीतच करावी.